घाणेरी उपटणारा धाकू

धाकू म्हणजे माझा पाठचा सख्खा भाऊ. मानपाड्यात त्याच्यासारखा गडी झाला नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. चूकसुद्धा त्यानं केली ती गावाएवढी!

एक्कावन्न सालची गोष्ट. भाताची रोपं टाकायच्या जागेवर राब जाळायला फांद्या हव्यात म्हणून सगळे डोंगरावर पाय तोडत जायचे. धाकूनं पायथ्याची घाणेरीची काटेरी झुडपं कापली आणि गुरचरणातून भारे ओढत शेतावर आणले. बाया म्हणाल्या, "डोकं आहे हो पोराला!" पण भाऱ्यांतली पिकली फळं वाटभर सांडली. तीन पावसाळ्यांत अख्खं गुरचरण घाणेरीनं गिळलं. काय ती वाढ! माणसाच्या डोक्यावर उंची, आत ससा शिरला तरी सोलून निघेल. गावानं जाळली, तर महिन्यात दुप्पट फुटली. वर लाल-पिवळी फुलं अशी, की बघत राहावं.

गवत संपलं. भुकेली गाय घाणेरी खाऊन मेली, ती शेजारच्या सखुबाईची. सखुबाई दारात येऊन म्हणाली, "धाकू, माझ्या गोठ्यात मरण तू आणलंस रे." त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नाही. बाकीचेही गुरं विकायच्या गोष्टी करू लागले.

धाकूनं पहार उचलली. कापायची नाही, मुळासकट काढायची. गावातला पंढरी बांधावरून ओरडायचा, "अरे, डोंगर पण उपटून टाक एकदाच!"

"तुझ्या घरापासून सुरू करू?" धाकू खालूनच विचारायचा.

दोन वर्षं रोज, शेतातलं काम उरकून, तो खणत होता. एकेक मूळ मनगटाएवढं. तळहाताची कातडी गेली, नवी आली, तीही गेली. मोकळ्या जागी गवत उठायला लागलं. भाद्रपदात शेवटचं खोड निघालं. मी जाऊन पाहिलं. या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाचं माणूस दिसत होतं. एका माणसाच्या हातानं!

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकू तिथं गेला, तर गवताच्या बुडाशी घाणेरीची रोपं. बोटाएवढी, हजारांनी. तो खाली बसून एकेक उपटू लागला.

मागून सखुबाई आली. कालवड बाजूला बांधून त्याच्या समोर बसली.

"हातानं निघतात रे?"

"ओल आहे तवर निघतात, काकी."

तिनं पदर खोचला.