एक वीत जवळची रेषा

परवा आमच्या सोसायटीत बास्केटबॉलचं मैदान आखत होते. ओल्या चुन्याचा वास आला आणि मला पालघरच्या शाळेतली माझी नववी आठवली.

मी सातपाटीहून यायचे. संघात माझी जागा पक्की होती, पण निवडीच्या दिवशी कप्तान सुनीता खेळाच्या सरांना म्हणाली, "सर, हिच्या अंगाला सुकटीचा वास येतो. आम्ही नाही हिच्याबरोबर खेळणार." सर हसले आणि मला म्हणाले, "तू मैदान आखत जा. तुम्हा कोळ्यांकडे दोरी असतेच."

दोरी होतीच, बाबांच्या होडीतली. तिच्यावर मी मापाच्या गाठी मारल्या. फ्री थ्रोची रेषा फळ्यापासून चार मीटर साठवर हवी. ती गाठ मी एक वीत कमी अंतरावर मारली आणि महिनाभर त्याच मापाने फक्कीची रेषा ओढली. सुनीताचे नेम धडाधड बसायचे. मीच सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवायचे.

बोईसरच्या सामन्याला मला पाणी द्यायला नेलं. आम्ही एका गुणाने मागे होतो आणि शेवटी सुनीताला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही चेंडू कडीला न शिवताच खाली आले.

"इथली रेषा लांब आहे का गं?" तिने रडवेल्या आवाजात मला विचारलं.

"नाय गं, बरोबर हाय," मी म्हटलं आणि तिच्याशेजारीच डबा उघडून सुकट खायला बसले.

संघातल्या बाकीच्या मुलींचं आता वाईट वाटतं. सुनीताचं अजून वाटत नाही.