मातृभोजनाला आईच बसली

आई गेली त्याला सहा आठवडे झाले. त्या दिवशी साताऱ्याहून चुलतभावाचा फोन आला, "सुटल्या हो बिचाऱ्या काकू." मी फोनवरच खेकसलो, "बिचारी कोण?" त्र्याण्णवाव्या वर्षी, आपल्या हाताने देवपूजा आटोपून, जरा पाठ टेकते म्हणून आडवी झाली आणि गेली, ती बाई बिचारी? आई हट्टी होती, फटकळ होती, पण बिचारी ती एक दिवसही नव्हती. लोकांनी तिला तसं करायचा प्रयत्न मात्र भरपूर केला.

माझे वडील लष्करात कॅप्टन. फाळणीनंतर त्यांची कलकत्त्याला बदली झाली, आणि वर्षाच्या आत ते काश्मीरच्या लढाईत गेले. आई तेव्हा जेमतेम बावीस-तेवीसची, मी पाचाचा. ते आघाडीवर असताना ती रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी रामरक्षा म्हणायची. तार आली त्या संध्याकाळीही तिने ती म्हटली... मोठ्याने. सुतक फिटल्यावर देव घासूनपुसून पुन्हा मांडले. काका न्यायला आले होते, ते म्हणाले, "वहिनी, अजून त्या देवाला पुजता?" "देवाशी माझं काय ते मी बघून घेईन, भाऊजी. तुम्ही मध्ये पडू नका." सासरी साताऱ्याला ती गेली नाहीच. कलकत्त्यातच, भवानीपूरच्या दोन खोल्यांत राहिली, मुलींच्या शाळेत शिवण शिकवू लागली.

आठव्या वर्षी माझी मुंज ठरली. गुरुजी आठवडाभर बँकेत नोकरी करायचे आणि रविवारी पूजा सांगायचे. पंगतीला आठ बटू हवेत. मराठी मुलं तीनच मिळाली, तेव्हा आई गल्लीत फिरून पैतं झालेली, म्हणजे मुंज झालेली पाच बंगाली मुलं गोळा करून आली. मुंजीआधी मुलगा आईबरोबर एका ताटात शेवटचं जेवतो, ते मातृभोजन. विधवेने शुभकार्यात पुढे यायचं नाही, म्हणून तिच्या जागी माझी काकू बसणार असं काकांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. मी पाटावर, शेजारी काकू, समोर वाफाळता वरणभात. आणि आई हातातली पळी खाली ठेवून सरळ पंगतीत आली.

"गुरुजी, पोथीत काय लिहिलंय? वाचा बघू."

"वहिनी, शास्त्र आहे, तमाशा नको," काका ओरडले.

"शास्त्रच विचारतेय. त्यांना सरकारने धाडलं, देवाने नेलं. यात मी काय केलं, म्हणून मला पोराच्या ताटावरून उठवता?"

गुरुजींनी चष्मा पुसला, पान काढलं. माणूस खरा होता. "'माता' असं लिहिलंय बाई," ते हळूच म्हणाले, "पुढे काही नाही." सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. मला इतकी लाज वाटली, की आईला बसू दे एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही. ते आजही सलतं. उठली ती काकू. "वहिनी, बसा तुम्ही. मी वाढते." आई बसली, तुपाची धार सोडली, भात कालवला आणि मला म्हणाली, "बघतोस काय? जेव." काका त्याच दिवशी गाडीत बसले आणि काकू चार दिवस मागे राहिली!

त्या दिवसानंतर आई माझ्या ताटात कधी जेवली नाही, मलाही तिने आपल्या ताटात जेवू दिलं नाही. भांडून मिळवलेला नेम तिने जन्मभर काटेकोर पाळला. जायच्या आधीच्या रविवारी मी तिच्यासाठी मऊ भात नेला होता. चार घास खाऊन तिने ताट सरकवलं. उरलेला भात टाकवेना म्हणून मी ताटात हात घातला, तर चापट बसली. "मुंज झालीय ना तुझी? ऊठ, हात धू." मी ऐकलं. पंच्याहत्तरी गाठलेला मी, मुकाट्याने उठलो, हात धुतले. आता रोज जेवायला बसलो की तेच मनात येतं... दांडगाई करून एक घास घ्यायला हवा होता. तिचाच तर मुलगा मी!