सौंदडची पंख्याची मोटार

गोंदियाहून बल्लारशाच्या गाडीत बसलो तेव्हा काम साधं वाटत होतं. पुण्यातल्या एका संग्राहकाला सौंदडची जुनी शर्यतीची मोटार विकत घ्यायची होती. मी ती पाहून अहवाल लिहायचा. बाहेरच्या बांध्या (भातखाचरं) आणि तलाव बघता बघता सौंदड मागे पडलं. पुढच्या स्थानकावर उतरून ऑटोने परत आलो.

मोटार बनवणारे सुखदेवभाऊ धानगिरणीत फिटर होते. त्यांनी कोठ्याचं (गोठ्याचं) दार उघडलं. मोटार जेमतेम माझ्या कमरेएवढी, पत्रा हाताने ठोकलेला, बसायला एकच जागा. आणि मागे चक्क गिरणीचा पंखा!

“हा कशाला?” मी विचारलं.

“गिरनीत तो कोंडा ओढते. मी मनलो, गाडीखालची हवा ओढली तं गाडी भुईले चिपकन. वळनावर घसरन नाही.”

बाजूची हवा आत शिरू नये म्हणून खाली चहूबाजूंनी झालर होती. गिरणीच्या जुन्या पट्ट्यांची ती झालर त्यांच्या पत्नीने, यमुनाबाईंनी, शिवलेली.

भाऊंनी पंखा सुरू केला. मागून धुळीचा लोट उठला आणि मोटार माझ्यादेखत दोन बोटं खाली बसली.

जेवायला भात आणि लाखोळीचं वरण होतं. चाळीस वर्षांपूर्वी ही मोटार ट्रकवर घालून भाऊंनी नागपूरच्या शर्यतीला नेली होती.

“हासले सारे. धानगिरनी आनली मने. लाईनीत उभी बी करू देली नाही.”

हात धुऊन मी अंगणातून संग्राहकाला फोन लावला, स्पीकरवर.

“पंखा काढायला सांगा,” तो म्हणाला. “आणि परदेशी गाडीची नक्कल, असं लिहा. गोंदियाच्या फिटरची गाडी बघायला कोण येणार?”

“ही नक्कल नाही.”

“तुमचं मत नकोय मला.”

मत द्यायलाच तर मला पाठवलं होतं. संतापाने माझा आवाज चढला. यमुनाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“मोटार न्या ना,” त्या म्हणाल्या. “पर यायचं (यांचं) नाव काऊन पुसून राहिले?”

भाऊंनी कोठ्याला कडी घातली. “आता विकाची नाही.”

परतीच्या गाडीत अहवाल लिहिला. रचना सुखदेवभाऊंची, झालर यमुनाबाईंची. संग्राहकाने तो दुरुस्तीसाठी परत पाठवला. मी तसाच पुन्हा धाडला. त्यानंतर त्याने मला काम दिलं नाही.

त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही. पण खरं सांगायचं तर निघण्यापूर्वी, नुसता फोटो पाहून, मीही अहवालाचा एक कच्चा खर्डा केला होता. त्यातला पहिला शब्द ‘नक्कल’ हाच होता.