दहापैकी दोन

डायलिसिसच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर आठवड्यातून तीनदा, चार-चार तास बसलं की बाईमाणसाकडे दोनच गोष्टी साठतात: जप आणि किस्से. जप मी देवीपाशी जमा करते. किस्से कुठे ठेवायचे? म्हणून तुमच्याजवळ बोलते.

आमचे हे सातपूरला कारखान्यात फिटर होते. किडन्या गेल्या, नोकरी गेली, आणि मागे लागली ती खाज. डायलिसिसवाल्यांना सुटते ती. वर पुरळ नाही, काही नाही, सगळी आतून. खाजवून खाजवून हातांची सालटी निघतात. त्या खाजेवरच्या नव्या गोळीची ट्रायल आमच्या हॉस्पिटलात सुरू झाली, यांचं नाव लागलं, आणि मी वणीच्या देवीला नवस बोलून मोकळी झाले.

*

ट्रायलचं सगळं मयुरी मॅडम बघायची. वयाने मुलगीच, पण मॅडम. तिने समजावलं: निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती पिठाची. कोणाला कुठली, ते पेशंटला माहीत नाही, डॉक्टरांना नाही, तिलाही नाही.

यांच्या शेजारच्या खुर्चीवर यासीनभाई असायचे. येवल्याचे, पैठणी विणणारे. ते म्हणाले, “मग माहीत कोणाला?”

“कॉम्प्युटरला, चाचा.”

“या अल्ला! म्हणजे दुवा आता त्याच्याकडेच मागायची!”

सगळे हसले. मी नाही हसले. दसऱ्याला मॅडमच्या कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. हळद कीबोर्डात गेली. मॅडम बिचारी दिवसभर फुंकर मारत बसली!

*

एकदा तिने विचारलं, “काका दुसरं कुठलं औषध घेतात का?”

मी म्हटलं, “औषध नाही, देवीचा अंगारा देते चिमूटभर.”

तिने गोळीच्या कंपनीला कळवलं. कंपनीकडून उलट विचारणा: अंगाऱ्यात काय काय असतं?

“काकू, काय लिहू?”

“लिही, श्रद्धा असते.”

तिने लिहिलं, राख. उत्तर आलं, पोटात देऊ नये. तेव्हापासून कपाळालाच लावते. देवी रागावली नसावी. तिलाही कळत असेल, नोकरी आहे पोरीची.

*

मे महिन्यात वॉर्डातला एसी बंद पडला. पेशंट घामाने निथळतायत, त्यांना पाणी घोट-घोट मोजून, आम्ही वर्तमानपत्राने वारा घालतोय. त्याच दिवशी कंपनीचे बाहेरगावचे साहेब तपासणीला आले. तडक गोळ्यांच्या खोलीत गेले. तिथे एसी चालू, त्याला वेगळा इन्व्हर्टर, भिंतीवर तापमानाचं यंत्र. साहेब खूश होऊन बाहेर आले. जाताना वॉर्डाच्या दारातून डोकावले आणि म्हणाले, “बापरे, इथे फारच गरम होतंय!”

यासीनभाई म्हणाले, “साहेब, आम्हालाही डबीत भरा ना!”

*

आता नंबराचा किस्सा. मॅडम दर खेपेला विचारायची, “खाज किती? शून्य ते दहा सांगा.”

आमच्या घरचा नियम म्हणजे वाईट बोलायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणत असते. म्हणून मी यांना सांगून ठेवलेलं, “कमीच सांगा, तसंच होईल.” हे सांगायचे, “दोन.”

वणीकडचे एक आबा होते, ते मात्र ओरडायचे, “दहा! लय खाजतंय पोरी! अकरा असंल तर अकरा लिही!”

पुढच्या आठवड्यात आबा ट्रायलमधून बाद. खरं तर त्यांना इन्फेक्शन झालं होतं, दुसऱ्या वॉर्डात हलवलं होतं. पण बाकाने निकाल दिला: खरं बोलला, काढून टाकला!

झालं. सगळ्यांची खाज एका दिवसात उतरली. कोणी दोन, कोणी तीन. यासीनभाईसुद्धा तीन! मॅडमचा चेहरा फुललेला, “काकू, औषध मस्त लागू पडतंय!” आणि इकडे बाकावर आम्ही बायका एकमेकींना विचारतोय, चादरीवरचे रक्ताचे डाग कशाने निघतात.

यासीनभाईंची बायको म्हणाली, “चादर धुता येती भाभी, पैठणी कशी धुवायची? बोटाचं रक्त रेशमाला लागलं, शेठनं माग बंद करायला सांगितलाय.”

*

ट्रायल संपली. गोळ्या बंद. कंपनीने आभार मानले आणि प्रत्येक पेशंटला भेट दिली. छान खोकं, सोनेरी रिबीन. उघडलं तर स्टीलची पाण्याची बाटली!

ह्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली. “माझं दोन दिवसांचं पाणी मावतं हिच्यात!” म्हणाले. आता तिच्यात मी देवाच्या समईचं तेल ठेवते.

*

आणि परवाचा हा.

मॅडम सांगत आली, नवीन ट्रायल निघाली आहे. यात पिठाची गोळी नाही, सगळ्यांना खरीच. पण ज्यांची खाज पाचाच्या वर आहे त्यांनाच घेणार. आणि आमच्या हॉस्पिटलात एकच जागा उरली आहे. आधी यांना विचारणार, हे बसत नसतील तर यासीनभाईंना.

आठवडाभर मी यांची तयारी करून घेतली. घरात नको, वास्तू ऐकते, म्हणून रोज बिल्डिंगच्या खाली रस्त्यावर उभं करून म्हणवून घेतलं, “आठ.” “पुन्हा म्हणा.” “आठ गं बाई, आठ!” येणारे-जाणारे बघायचे. मी पाच मंगळवारचे उपासही बोलले देवीला.

तो दिवस आला. हे खुर्चीत, मी शेजारी उभी. पलीकडे यासीनभाई. दहाही बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, आणि मान भिंतीकडे वळवलेली, यांच्यावर नजर जायला नको म्हणून.

मॅडमने विचारलं, “काका, खाज किती? शून्य ते दहा?”

ह्यांनी पलीकडच्या त्या चिंध्यांकडे पाहिलं.

“दोन.”

मी खसकन यांची बाही वर सारली. कोपरापर्यंत सोललेला हात. मॅडमने हात पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, “काका, खरं सांगा ना.”

ह्यांनी बाही खाली ओढली, मनगटाचं बटण लावलं.

“दोनच आहे मॅडम. आणि वाईट बोलायला लावू नका. हॉस्पिटललाही वास्तू असते!”