जेवणाआधी हे नको

माझ्या मोठ्या आतड्याला व्रण आहेत. आरमोरीजवळ शाळेत शिकवते, आणि शिकवताना मधेच खडू ठेवून धावत सुटते. मागच्या वर्षी माझ्या चंद्रपूरच्या डॉक्टरांनी एका बैठकीला बोलावलं. नव्या औषधाची चाचणी व्हायची होती. औषध लागू पडलं हे कशावरून मानायचं, ते रुग्णांनाच विचारायचं ठरलं होतं म्हणे. मला बरं वाटलं. आजवर असं कोणी विचारलं नव्हतं.

बैठक एका हॉटेलात होती. कुठंही गेलं की मी आधी संडास शोधते. इथला पार्किंगच्या मागे, कुलूपबंद. चावी आणून उघडला, तर नळाला पाणी नाही आणि भिंतभर तंबाखू-खर्‍याच्या पिचकार्‍या. आतड्याच्या रोग्यांना बोलावून ही सोय!

वरच्या हॉलमध्ये पडद्यावर सगळे प्रश्न आधीच तयार होते. दिवसातून किती वेळा जावं लागतं, रक्त किती पडतं, दुर्बिणीतून आतडं कसं दिसतं. आम्ही फक्त माना डोलवायच्या होत्या.

माझ्या शेजारी वडशाच्या एक बाई होत्या. हिवाळ्यात गावोगावी रात्रभर चालणार्‍या झाडीपट्टीच्या नाटकांत काम करायच्या. त्या बसूनच बोलल्या, "किती वेळा जा लागते ते काऊन विचारता? लागल्यावर किती वेळ धरता येते, ते विचारा. भर नाटकात माहं लुगडं भरलं. लोक हसले. तवापासून मी स्टेजवर गेली नाई."

औषध कंपनीचा माणूस गोड हसला. "ताई, जेवणाआधी हे नको."

मागून कोणीतरी खुदकन हसलं. डॉक्टर मोबाईलमध्ये बघत राहिले. ज्यांनी आमच्या आतड्यांत नळ्या घातल्या, त्यांना आमचं बोलणं घाण वाटत होतं.

मी उठले. गडचिरोलीच्या बसमधून जंगलात उतरून झुडपाआड बसावं लागलं होतं आणि खिडक्यांतून माणसं बघत होती, ते सगळं सांगितलं. प्रवास असला की आदल्या दुपारपासून मी जेवत नाही, हेही. डॉक्टर म्हणाले, हे मोजणं अवघड असतं. मी म्हटलं, "विचारा, आम्ही सांगू." ते म्हणाले, बघू.

मग बॅनरसमोर फोटोला बोलावलं. आम्ही दोघी गेलो नाही. जेवलोही नाही.

काही महिन्यांनी तपासणीला गेले, तेव्हा डॉक्टर कौतुकाने म्हणाले, तुमच्यामुळे चाचणीच्या प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवला. सगळ्यांत शेवटी: घाई होते का, हो किंवा नाही. मी आनंद मानावा अशी त्यांची अपेक्षा दिसत होती. मी म्हटलं, "घाई सगळ्यांनाच होते, साहेब. आमचं कपड्यात होतं." त्यांनी नाक किंचित आक्रसलं आणि गोळ्या लिहून दिल्या. वडशाच्या बाईंना फोनवर हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "अजून हो-नाईवरच हायेत का ते?"