गाडीच्या पोटातलं सिमकार्ड

माझ्या गाडीच्या पोटात एक सिमकार्ड आहे, हे मला गाडी घरी आल्यावर कळलं. शोरूममध्ये माझा मुलगा आणि तिथली पोरगी बराच वेळ काय काय बोलत होते, मी मात्र क्लच किती हलका आहे ते पाहत होते. पैसे माझे होते, निवृत्तीचे. गाडी माझ्या नावावर. पण गाडीच्या मोबाईल-ॲपमध्ये मालक म्हणून नंबर टाकला गेला मुलाचा, कारण काय, तर ‘आई, तुला नाही जमणार ते.’ तो पुण्याला परत गेला आणि ॲपही त्याच्यासोबत पुण्याला गेलं.

मला काय जमतं ते थोडं सांगते. मी सालेकसा तालुक्यात नर्स म्हणून नोकरी काढली. कचारगडकडच्या पट्ट्यात लसींचा डबा सांभाळत आधी लुनावर, मग स्कूटीवर फिरले. नाल्याला पूर आला की ज्या गावात असेन त्या गावात कोणाच्याही ओसरीत निजायचे. अस्वल पाहिलंय, दारू पिऊन रस्ता अडवणारे पाहिलेत, आणि दोघांनाही वाट सोडायला लावली आहे. नवरा लवकर गेला. मुलगा त्याच नोकरीवर वाढला, शिकला, पुण्यात कॉम्प्युटरवर बसला. आणि तोच आता मला फोनवर सांगून राहिला की आई, मघाशी ऐंशीच्या वर गेली होतीस.

‘तुले कसं कळलं?’

‘गाडीत सिम आहे ना. सगळं दिसतं मला.’

मग एकदा मी आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावच्या पुढं गेले तर लगेच त्याचा फोन. म्हणाला, आई, तू गोलाच्या बाहेर गेलीस. कोणता गोल, तर त्यानं म्हणे नकाशावर आमच्या फुलचूरच्या घराभोवती एक गोल आखून ठेवला होता. गाडी त्याच्या बाहेर पडली की त्याच्या मोबाईलवर घंटी वाजते.

मी विचारलं, ‘ढोर चरायले सोडताना खुंट्याले दोर बांधतेत, तसा का?’

‘अगं सेफ्टीसाठी आहे ते. काळजी वाटते.’

मी फोन ठेवला आणि जिथं जायचं होतं तिथं गेले. पण खरं सांगते, तो गोल माझ्या डोक्यातून गेला नाही. गोरेगाव आलं की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून थोडा वर यायचा. साठी ओलांडलेल्या बाईनं, जिनं आयुष्यभर कोणाला विचारलं नाही, तिनं आता पोराच्या घंटीला भ्यायचं? याचा मला राग यायचा. एवढ्यासाठी मी गाडी घेतली नव्हती. मनात आलं की उठून जाता यावं, म्हणून घेतली होती.

आता बहिणीचं सांगते. ती माझ्याहून मोठी, केशोरीजवळच्या एका गावात राहते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ताटातला भात दिसायचा, पण भातातला खडा दिसायचा नाही. ऑपरेशनला इतकी भ्यायची की दोन वर्षं मी तिच्या मागं लागले तेव्हा कुठं हो म्हणाली. गोंदियाच्या दवाखान्यात बाहेरून डॉक्टर येतो, त्याची तारीख मिळाली. ती तारीख नेमकी त्यांच्या गावच्या मंडईच्या दुसऱ्या दिवशीची निघाली. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते, लेकीबाळी, पाव्हणे, दुकानं, दिवसा दंडारीचा नाच आणि रात्री नाटक. बहीण म्हणाली, ‘मंडई सोडून मी कोठीच येत नाई. मंडई झाली का सकारीच निघू.’

ठीक आहे बापा, म्हटलं. मंडईच्या दिवशी मी गाडी घेऊन गेले. गोरेगाव ओलांडलं, घंटी वाजली असेल, मुलगा मीटिंगमध्ये असेल, फोन आला नाही. नवेगावच्या जंगलात रेंज गेली ती गेलीच.

बहिणीच्या गावात मोबाईलला रेंज शोधावी लागते. पण गाडीच्या टपावर तो माशाच्या पंखासारखा अँटेना असतो ना, त्याला बरी रेंज मिळत होती. बहिणीची नात अंगणात आली आणि म्हणाली, ‘आजी, तुमच्या गाडीचं वायफाय दिसून राहिलं.’

‘मंग?’

‘पासवर्ड हाये का?’

पासवर्ड गाडीच्या पडद्यावरच लिहिलेला होता. दिला. मला काय माहीत एका पोरीला दिलेला पासवर्ड म्हणजे मंडईला दिलेला पासवर्ड. थोड्या वेळात गाडीभोवती पोरं, पाव्हणे, जावई, सगळे. चारही दारं उघडी. कोणी गाणी उतरवून घेतोय, कोणी नागपूरच्या मामाला मंडई दाखवतोय. दंडारीत लुगडं नेसून नाचणारा एक बाप्या मिशीवर पावडर लावून पुढच्या सीटवर बसला आणि बायकोला व्हिडिओ कॉल करून विचारू लागला, ‘कशी दिसून राहिलो?’ मी हसून हसून बेजार. माझी गाडी गावाच्या एवढ्या कामाला आली, मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी पडद्यावर अक्षरं आली की महिन्याचा डेटा संपला. पोरं हळहळली. कोणीतरी विचारलं, आजी, रिचार्ज होते का? मी म्हटलं, गाडीले डिझेल टाकता येते मले, नेट कसं टाकतेत ते पोराले ठाऊक. सगळे नाटकाकडं गेले. विषय संपला, असं मला वाटलं.

सकाळी बहिणीनं नवं लुगडं नेसलं, पिशवीत कपडे भरले, घरच्या सगळ्यांना सांगून झालं. तिला मी पुढं माझ्या शेजारी बसवलं आणि बटण दाबलं. इंजिन हूं नाही की चूं नाही. पडद्यावर लाल इंग्रजी अक्षरं: मालकाच्या विनंतीवरून वाहन बंद करण्यात आलं आहे.

मालक तर मी. मी कधी विनंती केली?

माणसं जमली. बहिणीच्या नातीनं अक्षरं वाचून मोठ्यानं अर्थ सांगितला, आणि मागून कोणी बाई म्हणाली, ‘चोरीची हाये का वो?’ नोकरीत कोणी माझ्याकडं बोट दाखवलं नव्हतं कधी. आणि इथं, बहिणीच्या दारात, माझ्या स्वतःच्या गाडीत बसून मी चोर ठरत होते.

पहाटेपासून वीज नव्हती, त्यामुळं टॉवरही झोपला होता. कोणाच्याच मोबाईलला रेंज नाही. बहिणीचा मुलगा म्हणाला, मावशी, तलावाच्या पारीवर, त्या उंच बांधावर, दुसरीकडची रेंज पकडते, तिकडं नेऊ. ट्रॅक्टर आणला, दोर बांधला, आणि माझी नवी गाडी बांधावरच्या रस्त्यानं ओढत पारीवर नेली. बहीण आत बसून होती. उतर म्हटलं तर उतरली नाही. एकदा उतरली असती तर परत चढली नसती, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

पारीवर माझा मोबाईल वाजायला लागला तो थांबेचना. मुलाचे मेसेज, मुलाचे मिस कॉल. मी लावला.

‘आई! तू ठीक आहेस ना? मला वाटलं गाडी चोरीला गेली, म्हणून रात्रीच बंद केली.’

‘गाडी मी आणली.’

‘अगं, गोलाच्या बाहेर गाडी, नकाशावर नुसतं जंगल, त्यात एवढे सगळे फोन जोडलेले, चारही दारं उघडी, महिन्याचा डेटा एका दिवसात संपला, आणि तुझा फोन लागत नाही. मी काय समजायचं?’

‘तुही माय मंडईले गेली, असं समजायचं.’

‘तू आधी सांगायला हवं होतंस.’

‘आधी गाडी चालू कर.’

त्यानं पुण्यातून कळ दाबली. पण केशोरीकडच्या या तलावावर ती कळ पोहोचायला रेंज टिकली पाहिजे ना. येई, जाई. आम्ही पारीवर बसून राहिलो. ऊन वर आलं. बहीण हळूच म्हणाली, ‘राहू दे बाई. माह्या नशिबात दिसनं नाई.’ मी परत बटण दाबून पाहिलं.

गाडी चालू झाली एकदाची. गोंदियापर्यंत मी कशी आणली ते मुलाच्या ॲपमध्ये दिसलं असेल. दवाखान्यात गेलो तर डॉक्टर त्या दिवशीची ऑपरेशनं आटोपून निघून गेला होता. नर्सबाई चांगली होती, तिनं पुढची तारीख दिली. बहीण बाकावर बसून होती. तारीख ऐकली आणि म्हणाली, ‘आता मी येत नाई.’ तिनं ते भांडून म्हटलं असतं तर मी भांडले असते. तिनं अगदी शांतपणे म्हटलं, आणि मला मुलाचा इतका संताप आला की फोन हातात घेऊन परत पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी मी शोरूममध्ये गेले. काउंटरवर तीच पोरगी. गोंदियाची पोरगी, हिंदीच बोलायची. मी म्हटलं, ॲप में मेरा नंबर डालो.

‘मॅडम, सर से पूछना पड़ेगा. ओटीपी उनके नंबर पे जाएगा.’

‘गाडी किसके नाम पे है?’

‘आपके.’

‘तो सर कौन?’

तिनं कॉम्प्युटरकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि गपचूप ओटीपी पाठवला. मी मुलाला फोन लावला. आकडे सांग, म्हटलं. तो म्हणाला, आई, आधी ऐकून घे. मला इथं झोप लागत नाही. तू एकटी, जंगलातले रस्ते, उद्या काही झालं तर?

‘तू पोटात होता तवा मी लुनावर जंगलात फिरत होती. तवा कोन गोल आखला होता?’

‘तेव्हाची गोष्ट वेगळी होती.’

‘हौ, वेगळीच होती. तवा तू मले थांबवू शकत नव्हता.’

तो चिडला, मीही चिडले. काउंटरवरची पोरगी हळूच म्हणाली की मॅडम, ओटीपीची वेळ संपली, परत पाठवते. पाठव, म्हटलं. मग मुलाला शांतपणे सांगितलं, कारण ओरडून त्यानं ऐकलं नसतं. ‘हे पाह्य. काळजी तू कर, तुले कोनी अडवलं नाई. पन गाडी मी चालवते म्हणून ती बंदही मीच करीन. तू कळ दाबली आन तुह्या मावशीची तारीख गेली. ती आता डोरे करायले नाई म्हणते. हे तुले एकदाच सांगून राहिली.’

मग त्यानं आकडे सांगितले. एकेक करून, सावकाश.

नंबर बदलला. पोरीनं विचारलं, दूसरा यूजर किसको रखना है? किसी को नहीं. नकाशावरचा गोल? निकाल दो. आणि मग मीच विचारलं, हॉटस्पॉटचा डेटा वाढवून मिळतो का? ती चकित झाली. म्हणाली, मॅडम, आपको इतना डेटा क्यों चाहिए? मी म्हटलं, हमारे यहाँ मंडई होती है.

बहिणीला मनवायला त्यानंतर मला चार चकरा माराव्या लागल्या. शेवटच्या चकरेला मी तिला मोबाईल दाखवला, मालकाच्या जागी माझं नाव दाखवलं. तिला ते दिसलं नाही, अर्थातच. मी वाचून दाखवलं. ‘पक्कं?’ म्हणाली. पक्कं, म्हटलं. पुढच्या तारखेला आली.

ऑपरेशन झालं. पट्टी काढून, काळा चष्मा लावून मी तिला घरी पोहोचवायला निघाले. ती सारखी चष्म्याच्या कडेनं बाहेर पाहत होती आणि रस्त्याच्या बाजूच्या पाट्या शाळेतल्या पोरीसारखी मोठ्यानं वाचत होती. कोहमारा मागं पडलं, आणि गाडीच्या स्पीकरवर मुलाचा फोन वाजला.

‘आई, कुठं आहेस?’

गाडी घेतल्यापासून त्यानं मला हे कधी विचारलं नव्हतं. बहीण वाचायची थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली, मी काय बोलते म्हणून. मी त्याला सगळं सांगितलं, कुठं आहे, कुठं चालले, मावशीला किती दिसून राहिलं. त्यानं विचारलं, म्हणून सांगितलं.