पत्त्यातला एक आकडा

निवेदिता परभणीला आली ती आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी, आणि मग राहूनच गेली. ती प्रोग्रॅम कुठं बसून लिहिते, याच्याशी पुण्यातल्या कंपनीला काही देणंघेणं नव्हतं. कारेगाव रोडवरच्या घरात तिनं आतल्या खोलीत टेबल मांडलं आणि काम सुरू केलं. शेजारच्या बायका आईला, अंबिकाबाईंना, विचारायच्या, "निवेदिता अजून सुट्टीवरच आहे का?" अंबिकाबाई म्हणायच्या, "नाही हो, ती आत्ता ऑफिसात आहे," आणि आतल्या खोलीकडं बोट दाखवायच्या.

वरच्या मजल्यावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली भाड्यानं राहत. त्यातली राजेश्री राणीसावरगावची. तिचे वडील बिरदेव मेंढरं राखायचे. वर्षातले कितीतरी महिने कळपामागं मुलूख धुंडाळत फिरायचे. खोली घेऊन शहरात राहिलेली त्यांच्या घरातली ही पहिलीच पोरगी. पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर पळायची, दुपारी अकॅडमीत बसायची. बोलायची कमी, आणि बोललीच तर कामाचं. निवेदिताला ती त्यामुळंच आवडायची.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी राजेश्री खाली आली आणि दारातच उभी राहिली. हातातला फोन तिनं उपडा धरला होता.

"ताई, सकाळधरनं फोन यायलेत. अनोळखी माणसं हायेत. उचलला की लय घाण बोलायलेत."

निवेदितानं फोन घेतला. कुणीतरी इंटरनेटवर राजेश्रीच्या नावानं एक खोटं पान तयार केलं होतं. त्यावर तिचा फोटो, तिचा नंबर, आणि खाली वाचायलाही लाज वाटावी असा मजकूर. फोटो साधा होता. मागं निळा पडदा, केस घट्ट बांधलेले, ओठ मिटलेले.

"हा फोटो कुणाकुणाला दिलास?"

"कुणालाच न्हाई. अकॅडमीच्या फॉर्मसाठी काढला होता. तिथंच दिला, ऑनलाईन."

"तो फॉर्म उघडून दाखवतेस?"

राजेश्रीनं अकॅडमीकडून आलेला मेसेज पुढं केला. निवेदितानं त्यातला वेबसाईटचा पत्ता आपल्या लॅपटॉपवर टाकला. ना पासवर्ड, ना कसली विचारणा. फॉर्म सरळ उघडला. नाव, गाव, बापाचं नाव, आधार नंबर, फोटो. निवेदिताची नजर मात्र वर, पत्त्याच्या शेवटाला असलेल्या आकड्यावर गेली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाची नजर अशा ठिकाणी आपोआप जाते. तिनं क्षणभर बोटं आवरली. मग शेवटचा आकडा एकानं वाढवला.

समोर दुसरीच मुलगी आली.

"बबिता हाय ही," राजेश्री हळूच म्हणाली. "माझ्याच बॅचची."

निवेदितानं लगेच ते पान बंद केलं. अकॅडमीतल्या सगळ्या मुलींची माहिती रस्त्यावर मांडून ठेवल्यासारखी होती. कुणीही यावं आणि उचलून न्यावी.

"तक्रार करायला लागेल, राजेश्री."

"न्हाई, ताई." पोरीचा आवाज एकदम बदलला. "पप्पाला कळलं तर खोली बंद, अकॅडमी बंद. पुढचं काय होईल ते तुमाला सांगायला नको. माझं नाव कुठंच येऊ देऊ नका. शब्द द्या मला."

निवेदितानं शब्द दिला. त्यावेळी तो देणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं अकॅडमीच्या संचालकांना फोन लावला. पंडित सर म्हणून ते ओळखले जात. स्वतः भरतीत थोडक्यात हुकलेला हा माणूस. चिकाटीनं अकॅडमी उभी केलेला. निवेदितानं त्यांना शांतपणे सगळं समजावून सांगितलं.

"तुम्ही आमच्या वेबसाईटमध्ये शिरलातच कशा?" त्यांनी विचारलं.

"शिरले नाही, सर. पत्त्यातला एक आकडा बदलला."

"म्हणजे शिरलातच ना?"

"हे कुणालाही करता येतं, तेच तर सांगतेय. वेबसाईट आजच्या आज बंद करा. मी कुठं बोलणार नाही."

"आणि नाही केली तर काय कराल?"

त्यांना ती धमकी वाटली आहे, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. संध्याकाळी जीवनचा फोन आला. बसस्टँडजवळ त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. वेबसाईट त्यानंच बनवली होती, बघून बघून शिकत.

"मॅडम, तुमी मोठ्या कंपनीतल्या. आमच्या पोटावर कशाला पाय द्यायलात?"

"जीवन, मुलींचे फोटो बाहेर गेलेत रे. ते दार आधी लाव."

"माझ्या वेबसाईटला कायबी झालेलं न्हाई," तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

आठवडाही गेला नसेल, तोच सायबर पोलिसांची हजर राहण्याची नोटीस आली. अकॅडमीची तक्रार होती: या बाईनं परवानगीशिवाय वेबसाईटमध्ये घुसून विद्यार्थिनींची माहिती चोरली आणि त्यांचे फोटो इंटरनेटवर पसरवले. निवेदितानं ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. ज्या माणसाला ती रोखू पाहत होती, त्याच्या जागी आता तिचंच नाव लिहिलं होतं.

नोटिशीतली कलमं तिनं घरी बसून वाचली. इतकी वर्षं कॉम्प्युटरवर पोट भरत होती, पण हा कायदा तिनं कधी उघडून पाहिला नव्हता. एक कलम सांगत होतं, मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये प्रवेश केला तर भरपाई द्यावी लागेल. दुसरं सांगत होतं, तेच लबाडीनं किंवा फसवणुकीच्या हेतूनं केलं तर तुरुंग. तिला वाटत होतं, मी काही फोडलं नाही. मी मागितलं आणि सर्व्हरनं दिलं. पण बबिताचा फॉर्म तिनं बबिताला न विचारता पाहिला होता, हेही खरंच होतं. आपली जागा या दोन कलमांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत आहे, हे तिला दिसलं. आणि आत काय हेतू होता हे कॉम्प्युटर सांगत नाही. ते माणसालाच सांगावं लागतं, आणि समोरच्याला पटावं लागतं.

सायबर पोलीस ठाण्यातले निरीक्षक साहेब पन्नाशीचे, सावकाश बोलणारे होते.

"परवानगी होती?"

"एका फॉर्मची होती. ज्या मुलीचा फॉर्म, ती शेजारी बसली होती."

"आणि दुसऱ्याची?"

"नव्हती. खात्री करायला एकच उघडला, लगेच बंद केला. काही उतरवून घेतलं नाही."

"ती शेजारी बसलेली मुलगी कोण?"

बाहेर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"नाव सांगणार नाही, साहेब."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या बाजूनं बोलू शकेल असं एकच माणूस आहे, आणि त्याचंच नाव तुम्ही सांगत नाही. मग मी काय लिहू?"

"नाव सांगायला नकार दिला, असं लिहा."

पंचनामा झाला. लॅपटॉप आणि फोन सील करून ठेवून घेतले. वडिलांच्या फोनवरून तिनं पुण्यातल्या आपल्या मॅनेजरला, स्वरदाला, सगळं सांगितलं. लॅपटॉप कंपनीचा होता. लपवण्यात अर्थ नव्हता.

"माझा विश्वास आहे गं तुझ्यावर," स्वरदा म्हणाली. "पण कंपनीचे वकील विश्वासावर चालत नाहीत. तपास संपेपर्यंत तुला कामापासून बाजूला ठेवावं लागेल."

त्यानंतर तिचा फोटो फिरायला लागला. तो कुणी, कुठून घेतला, कळलं नाही. पण शहरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दुपारपर्यंत तो सगळीकडं पोचला होता. 'मुलींचे फोटो विकणारी हॅकर महिला जाळ्यात. आपल्या लेकीबाळींना सावध करा.' खाली लोकांची मतं. एकानं धिंड काढायला सांगितलं होतं. एकजण शपथेवर सांगत होता की त्याच्या ओळखीतल्या तिघींचे फोटो तिच्याकडं सापडले. ज्यांनी पुढं पाठवलं त्यातल्या बहुतेकांचा तिच्यावर राग नव्हता. आपण चांगलं काम करतोय अशाच भावनेनं त्यांनी ते पाठवलं होतं, आणि त्याचीच निवेदिताला जास्त भीती वाटली.

वडील अनंतराव हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवरही तो मजकूर आला. पाठवणाऱ्या मित्रानं खाली हात जोडलेलं चित्र टाकलं होतं. त्यानं निवेदिताला लहानपणी पाहिलेलं, आता ओळखलं नसावं. अनंतराव बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, 'ही माझी मुलगी आहे.' ग्रुप एकदम थंड पडला. काही वेळानं कुणीतरी सुप्रभातचं गुलाबाचं फूल टाकलं. तेव्हा दुपार होती.

"त्या मुलीचं नाव का सांगत नाहीस?" त्यांनी जेवताना विचारलं.

"शब्द दिलाय, बाबा."

"तिला एकदा विचार तरी. शब्द तिला दिलायस, त्यातून तुला सोडवायचा अधिकारही तिचाच."

निवेदिता जेवण टाकून वर गेली. राजेश्रीच्या खोलीला कुलूप होतं. शेजारच्या खोलीतली मुलगी म्हणाली, "सकाळी ग्रुपवरचं वाचलं आन् गेली. सगळं सामान घेऊन गेली, ताई." जिना उतरताना निवेदिताला राग आला, मग सुटका झाल्यासारखं वाटलं, आणि मग दोन्हीची लाज वाटली. आता बाजूनं बोलणारं ते एक माणूसही उरलं नव्हतं.

पुढच्या वेळी पोलिसांनी तिला बोलावलं तेव्हा पंडित सर आणि जीवनही तिथं होते. जीवन तिच्याकडं बघत नव्हता. निरीक्षकांनी बसायला सांगितलं तेवढ्यात दारात हालचाल झाली. डोक्यावरून पदर घेतलेली एक उंच बाई आत आली आणि तिच्यामागं राजेश्री.

"साहेब, मी कासाबाई, हिची आई," बाई म्हणाली. प्रवासानं तिचा चेहरा ओढलेला होता. "पोरगी गावाकडं येऊन रडत होती. मला काल समदं सांगितलं. बोल गं."

राजेश्रीनं पंडित सरांकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "ह्या ताईंनी माझा फॉर्म मी सांगितल्यावरच उघडला. मी तिथंच होते. फोटो त्याच्या आधीच बाहेर गेलता. फोन सकाळपासून यायलते, आन् ताईंकडं मी संध्याकाळी गेले." तिनं फोन टेबलावर ठेवला. "हे बघा, कधी कधी आलेत ते."

"साहेब, ही पोरगी घाबरून काहीही—" पंडित सर सुरू झाले.

निरीक्षकांनी हात वर केला. "वेबसाईट तुमची. ती मी तपासली तर तुमची परवानगी आहे ना?"

"आहे, साहेब. जीवननं आता पक्की केलीय."

निरीक्षकांनी राजेश्रीचा मेसेज आपल्या कॉम्प्युटरवर उघडून घेतला. कसं ते निवेदिताला विचारून शेवटचा आकडा बदलला. पडदा क्षणभर पांढरा राहिला आणि मग कुठल्यातरी गावच्या कुठल्यातरी मुलीचा फॉर्म, फोटोसकट, समोर आला. निरीक्षकांनी तो झटकन मिटवला आणि जीवनकडं वळले.

"मला यातलं फार कळत नाही. मला हे जमलं, तर कुणाला जमणार नाही?"

"पहिल्या पानावरची लिंक काढली होती, साहेब," जीवन पुटपुटला. "मला वाटलं, तेवढ्यानं झालं."

"माझ्या लेकीनं फोटो भरतीला दिला होता," कासाबाई पंडित सरांना म्हणाली. "तुमच्या भरवशावर दिला होता."

त्याच दिवशी राजेश्रीची वेगळी तक्रार नोंदवली गेली आणि वेबसाईट बंद झाली. खोटं पान दूरच्या कुठल्यातरी जिल्ह्यातून तयार झालं होतं, एवढं तपासात पुढं आलं. माणूस अजून हाती लागलेला नाही. निवेदितावरची तक्रार गैरसमजातून झाली, लबाडीचा हेतू दिसत नाही, असा अहवाल पोलिसांनी कोर्टात दिला. तो मंजूर व्हायला उन्हाळा उजाडला. लॅपटॉप परत मिळाला, पण तोवर तिचं काम दुसऱ्याकडं गेलं होतं. स्वरदानं तिला वेगळ्या प्रोजेक्टवर घेतलं. व्हॉट्सॲपवर मात्र कुणी काही दुरुस्त केलं नाही. भाजी घेताना अजूनही एखादी बाई तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघते.

बिरदेव एकदा घरी आले. कळप पोखर्णीच्या बाजूला उतरला होता. अंगणातच उभे राहिले, आत यायला तयार होईनात. पुन्हा वरच्या खोलीत राहायला आलेली राजेश्री दाराआड उभी होती.

"मास्तर," ते अनंतरावांना म्हणाले, "पोरीला हिथं ठिवावं का न्हावं?"

"तुम्ही बाप आहात. तुम्ही सांगा."

बिरदेवांनी पागोटं काढून पुन्हा नीट बांधलं. "पळू द्या तिला," ते म्हणाले, आणि चहा न घेताच गेले.

जीवन आला तो त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, भर दुपारी, काखेत लॅपटॉप घेऊन. अकॅडमीची वेबसाईट पुन्हा सुरू करायची होती आणि दार कसं लावायचं ते त्याला शिकायचं होतं. निवेदितानं त्याला उंबऱ्यातूनच परत पाठवलं. आधी पंडित सरांच्या सहीची परवानगी आण, मग तुझ्या वेबसाईटकडं बघेन. तो चेहरा पाडून गेला, पण संध्याकाळी सही घेऊन आला.

दोघं टेबलाशी बसले. फॉर्म मागणारा माणूस खरोखर त्या फॉर्मचा धनी आहे का, हे सर्व्हरनं प्रत्येक वेळी विचारायचं असतं, हे तिनं त्याला दाखवलं. तो भराभर शिकत होता. अंबिकाबाईंनी चहा आणून ठेवला.

"जीवन, तू अशा अजून किती वेबसाईट बनवल्यास?" निवेदितानं विचारलं.

तो कपाकडं बघत राहिला. "शाळांच्या हायेत. एका दवाखान्याची हाय. मोजल्या न्हाईत, ताई."

"मग आता मोज," ती म्हणाली.